माझ्या फोनमधलं फिकं डाळिंब

निमगाव केतकी,
सोमवार

श्री. झुंबरराव तात्या, बारामती, यांस

व्याही दत्तोबाचा दोन्ही हातांनी नमस्कार (फोन बाजूला ठेवलाय, म्हणून दोन्ही हात मोकळे आहेत). तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचं पित्त बसलं असेल. आम्ही खुशाल, मी तर जरा जास्तच. फोनच करणार होतो; पण तुम्ही बोलणं स्पीकरवर टाकता आणि मग मध्येच तुमचा कुकर बोलायला लागतो. ही हकिगत तुम्ही मुकाट्यानं ऐकावी, म्हणून लिहितोय.

तुमच्या साठीच्या कार्यक्रमात माझा फोन हातात घेऊन तुम्ही चारचौघांत म्हणालात, "दत्तोबा, ह्यानं फोन करता का नारळ फोडता?" लोक हसले, मीही हसलो (मुलीच्या सासऱ्यापुढं हसावंच लागतं). पण मनात ठेवलं. गेल्या महिन्यात जावईबापू युवराजराव तुम्ही वापरता त्याच कंपनीचा फोन घेऊन आले, तेव्हा दोन्ही फोन रानात नेले. बैल औताला जुंपून बघून घेतात, मग फोन दुकानात नुसता कुरवाळून कसा घ्यायचा?

खोटं कशाला लिहू, सुरुवातीला तुमच्या कंपनीनं मला लोळवलं. तुमचा फोन बोट टेकवलं की उघडतो. माझी बोटं डाळिंबाच्या काट्यांनी ओरखडलेली, त्यामुळं माझा फोन मला चोर समजतो. उन्हात तुमच्या पडद्यावर अक्षर दिसतं, माझ्यात माझीच मिशी. आवाजात मात्र माझा पुढं. फवारणीचा ट्रॅक्टर चालू असला तरी घंटी बांधापर्यंत ऐकू येते, आणि चार्जिंग दोन दिवस पुरतं.

उरला कॅमेरा. बाग तोडीला आली होती. आठ दिवसांत तोड झाली नसती तर फळं तडकली असती आणि वर्षाची मेहनत मातीत. हल्ली व्यापारी आधी फोटो मागतात. जावईबापूंनी त्यांच्या फोननं काढून एकाला पाठवले. फळं अशी लालभडक, की मीच बाग विकत घ्यायला निघालो असतो. व्यापारी सकाळी सातला हजर. फोटो बघितला, फळ बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाला, "आता फोटुतली बाग दावा की." हीच ती, म्हटल्यावर चहासुद्धा न घेता गेला. फळ चांगलंच होतं हो, पण त्या फोटोपुढं आजारी दिसलं.

जावईबापू परत गेले होते, दिवस उरले चार. नाइलाजानं माझ्या फोननं फोटो काढले. सगळ्या फळांना कावीळ. आमची कारभारीण कौसल्या म्हणाली, "हे धाडू नगा, लोक बागंला भेटाया येतील." तरी धाडले. दुसरे व्यापारी नागेशशेठ आले ते बाग मातीमोल उचलायची ठरवूनच. आत शिरले आणि थबकले. फळ फिरवून बघतात, माझ्याकडं बघतात. नाक मुरडायचा प्रयत्न चालला होता, पण डोळे ऐकेनात. "दत्तोबा, फोटो कशानं काढला हो?" म्हटलं, "हाय तसलाच फोन हाय, शेठ." मागितला तो भाव मिळाला, उभ्या उभ्या. काल शेवटचा क्रेट गाडीत चढला.

तेव्हा तात्या, मिरवायला तुमची कंपनी, कामाला माझी. हे तुम्ही कबूल करावं, आणि तेही चारचौघांत.

आपला,
दत्तोबा

ता. क. : शनिवारी आमची वृषाली तुमच्या-माझ्या नातीला, स्वरूपाला घेऊन महिनाभर राहायला येतेय. मागच्या खेपेला मी नातीचे फोटो पाठवले आणि 'पोरगी पिवळी पडली' म्हणून तुम्ही डॉक्टरसकट गाडी घेऊन आलात. पोरगी अंगणात भाकरी खात होती. कौसल्येनं बजावलंय, नातीला ह्या फोनपुढं उभं करायचं नाही. तर त्यांना सोडायला याल तेव्हा तुमच्याच कंपनीचा एक फोन घेऊन या. आल्या आल्या पैसे देतो.

आणखी एक : खोकं पिशवीत घालून आणा. आणि चारचौघांतलं कबुलीचं तेवढं राहू द्या.