केतकीचे प्रश्न

१२ सप्टेंबर २००५, सोम.
आज केतकीची खोली झाडली. शिरीष म्हणतो, "आई, दिवाळी झाली की रिकामी करू." बापाला पोरीची खोली डोळ्यांसमोर नको, आणि नीता, तिची आई, तिथली उशी हलवू देत नाही. मधे मी आणि व्हॅक्यूम.
पलंगाखाली छोटा टेपरेकॉर्डर सापडला. कॉलेजात इटालियन शिकत होती, त्यासाठी घेतलेला. बटण दाबलं. के.चा आवाज. बसले ते बसलेच.

१३ सप्टें.
दोघं कामाला गेल्यावर टेप परत लावली. इटालियनच आहे सगळं. ती काहीतरी विचारते. सूर वर जातो, म्हणजे विचारतेच. मग गप्प. परत तेच विचारते, परत गप्प. मग दुसरं काहीतरी. तोंडी परीक्षेचा सराव असणार. समोरच्यानं उत्तर द्यायची जागा सोडलीय.
ती जागा वाईट. तिच्यात रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात. एका जागेत मीच आहे, जिन्याखालून, "केतकी, जेवायला ये गं!" तिनं ओ दिली नाही. टेप चालू होती ना.

१६ सप्टें.
शिरीषला सांगितलं. "आई, बंद कर ते. नीतानं ऐकलं तर?"
म्हटलं, "तुला इटालियन येतं का रे?"
"नाही."
"मग काय विचारते ते कळायला नको?"
उठून गेला. ताट तसंच. मीच संपवलं. अन्न टाकत नाही मी, कुणी मेलं तरी.

२० सप्टें., मंगळ.
के.ची पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत परत केली. विषय तरी एकेक. बापाला वाटायचं कॉम्प्युटर घेईल, ईलिंगहून गाडीनं रीडिंग शहरात नोकरीला जाईल. हिनं घेतलं ह्युमॅनिटीज. इटालियन आणि कॅरिबियनचा इतिहास. जाड पुस्तक होतं ते. एकदा मला सांगत आली, "आजी, आपला लोक पण तिकडे नेला होता, शिपमधून, ऊस कापायला!" म्हटलं, आधी लोक नेले म्हण, आणि ऊस कापायला एवढ्या लांब कशाला, कोल्हापुरात काय कमी होता? हसून हसून लोळली.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, तिला पुढच्या टर्मला काही हवंय का? म्हटलं, लॉरीखाली सायकल आली, फेब्रुवारीत. बिचारी कानापर्यंत लाल.
तिथंच भिंतीवर कागद. संध्याकाळचा इटालियनचा वर्ग, मंगळवारी. नाव घातलं. इटालियनच का, विचारलं तिनं. म्हटलं, घरी एक जण बोलतं. "लव्हली!" म्हणाली.
टेप एखाद्या मास्तरणीला ऐकवली असती तर तासाभरात काम झालं असतं. पण घरातली पोर आहे. परक्यांपुढे नाही बसवायची.

२७ सप्टें.
पहिला वर्ग. मी चौथी पास, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. बाकी गोरे म्हातारे, इटलीत घर घ्यायची स्वप्नं. माझ्या शेजारी ऑलिव्ह, जमैकाची, जन्मभर हॉस्पिटलात नर्स. लेकानं इटालियन पोरगी केलीय. म्हणते, "सून माझ्या तोंडावर काय बोलते ते मरायच्या आधी कळायला हवं." बाई आवडली.
शिकवलं, कोमे ति क्यामि. तुझं नाव काय. दुसऱ्या दिवशीपर्यंत धीर धरवला नाही, आल्या आल्या टेप कानाला लावली. के.चा पहिला प्रश्न तोच. माझं नाव विचारते. जिवंतपणी ठाऊक तरी होतं का तिला? आजीच म्हणायची.
उत्तर तोंडात आलं होतं. दिलं नाही. आमच्या कोकणात दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तीनदा बोलावतं. दुसरं जे काही असतं ते तीनदा बोलावू शकत नाही. मी मानते असं नाही. पण के. प्रत्येक गोष्ट दोनदाच विचारते.

४ ऑक्टो.
पितृपक्ष काल संपला. लग्न न झालेल्या पोरीचं पान ठेवायचं की नाही, म्हणून भटजींना फोन केला होता. मशीन लागलं, बोला म्हणालं. मशीनशी काय बोलायचं. ठेवला.

१८ ऑक्टो.
आतापर्यंत कळलेलं. नाव काय. कुठं राहतेस. वय काय. ती एकोणीसची, आणि मला विचारते वय काय.
वर्गानंतर चहाला ऑलिव्हला सगळं सांगितलं. टेपचं, ओ न देण्याचं. इतरांना सांगितलं असतं तर डॉक्टरकडे पाठवलं असतं. ऑलिव्हनं कप खाली ठेवला. म्हणाली, "आमच्याकडे पण. पहिल्या हाकेला उत्तर नाही. डप्पी असतो." डप्पी म्हणजे त्यांचं भूत. कुठं जमैका, कुठं गुहागर. के. असती तर हे वहीत लिहून घेतलं असतं.
मग विचारते, "बटण कोण दाबतं?"
"मी."
"रोज?"
"रोज."
"मग हाक तू मारतेस, बाई. ती बिचारी ओ देते."
बसमध्ये एक थांबा पुढं गेले. चालत आले.

२५ ऑक्टो.
टेप लावली नाही आठवडाभर. कपाटात, शालीखाली. तरी मी काही बोलले की नंतर थांबते. दूधवाल्याशी बोलले, थांबले. तो म्हणाला, ऑल राइट, लव्ह? शिरीषशी तेच. नसलेल्या जागा सोडत बसलेय.

८ नोव्हें.
दिवाळी केली नाही. शिरीषनं खोकी आणली. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी तिचं सगळं चॅरिटी शॉपला, दानाच्या दुकानात.
नीता भांडी पुसत होती. "आई, तुम्ही दर मंगळवारी कुठं जाता?"
सांगितलं. का ते पण सांगितलं. खोटं बोलायला जागाच सुचली नाही. ती तेच एक ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "माझी मुलगी तुमच्याशी बोलते, आणि मला कुणी सांगत पण नाही?"
म्हटलं, ऐकतेस?
"नाही."
जिन्यावरून परत आली. "काय विचारते ती?"
"अजून सगळं येत नाही मला."
"मग लवकर शिका ना!" ओरडली माझ्यावर. सून कधी ओरडली नव्हती. बरं वाटलं.

१५ नोव्हें., मंगळ.
आज घरच्या माणसांचा धडा. कोन कि आबिति. तू कुणाबरोबर राहतेस. टेपवर आहे हा प्रश्न, ऐकल्यासारखा आहे. मास्तरीणबाईनं मलाच उठवलं. मुलगा, सून, एवढं म्हटलं आणि अडले. तिला वाटलं शब्द येत नाही. नातीचा शब्द सांगितला तिनं. तो येत होता मला.
ऑलिव्ह म्हणाली, "उत्तर दे. नाहीतर पुरून टाक. मधे लटकवू नकोस पोरीला." शनिवारी खोकी जाणार. त्याआधी एकदा ओ द्यायची. बाहत्तर वर्षांच्या बाईचं डप्पी काय वाकडं करणार?

१८ नोव्हें., शुक्र.
दुपारी तिच्या खोलीत बसले. शिरीषनं पुस्तकं भरलीत, भिंतीवर चौकोन उरलेत. टेप लावली.
नाव विचारलं. सांगितलं, वत्सला.
कुठं राहतेस. ईलिंग.
वय. तेही सांगितलं, इटालियनमधे, चुकलं असेल.
कोन कि आबिति.
म्हटलं, मुलगा. शिरीष. सून. नीता.
जागा भरली, गाड्या गेल्या. मग के. म्हणाली, "ए पोई?"
रोज ऐकलेलं होतं. आता कळतं. आणि मग? आणखी?
 
मागं नीता. ऑफिसातून कधी आली कळलं नाही. अंगात कोट, पायात बूट, या घरात पहिल्यांदा. म्हणाली, "काय म्हणाली ती आत्ता?"
"विचारते, आणखी कोण."
"मग सांगा ना तिला!"
टेप कुणासाठी थांबत नाही. पुढचा प्रश्न आला होता, तो आम्हाला अजून शिकवलेला नाही.
नीता म्हणाली, मागं घ्या. मी घेतली नाही. म्हटलं, तूच घे. टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर दिला आणि खाली आले. कांदा चिरला. शिरीष यायची वेळ झाली.
वर कुणीतरी बोलतंय. मायलेकींचा आवाज पहिल्यापासून सारखाच. फोनवर तर मी दर वेळी विचारायचे, कोण गं.