सोलापूरचा शून्य, पुण्याचा एक

३ सप्टेंबर १९७९
लाइन लागली. आता गिरणीच्या हजेरीची फाइल माझ्या कॉम्प्युटर मशीनवरून थेट पुण्याच्या हेड ऑफिसला जाईल. चनबसप्पासाहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर मशीन पुण्याला जाईल आणि बाई, तुमची पोस्टही. काळजीचं कारण नाही. दोन्हीकडचे प्रोग्रॅम एकाच मॅन्युअलवरून लिहिलेत.

६ सप्टेंबर
फाइल गेली नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी जाते. मी तुकड्यांना शून्यापासून नंबर देते, पुण्याचा शिवशरण एकपासून. माझा शून्य त्याचं मशीन घेत नाही, एकची वाट बघत बसतं. मॅन्युअलमध्ये ‘क्रमाने’ एवढंच आहे. अर्थ उघड आहे. शून्य.

१० सप्टेंबर
ट्रंक कॉल. शिवशरण मूळचा इकडचाच, वळसंगचा. म्हणाला, मॅडम, तुमच्या घरी भाकरी पण शून्यापासून मोजतात का? मी हसले नाही. साहेब म्हणाले, कुणीतरी एकानं ऐका की. पुणं ऐकेल, असं मी सांगितलं.

१५ सप्टेंबर
घरी अव्वा म्हणाली, पोरी, नोकरी गेली तर मैंदर्गीच्या आपल्या लोकांना काय कळवू? नोकरी जाणार नाही, म्हटलं. ती म्हणाली, तुझा ताठा लई आहे.

२१ सप्टेंबर
प्रोग्रॅम एकपासून केला. ही माघार नाही, चाचणी आहे. म्हणून पुण्याला कळवलं नाही. उद्या फाइल जाईल आणि विषय निघणार नाही.

२२ सप्टेंबर
गेली नाही. सगळं तपासलं. माझ्याकडे चूक नाही. ट्रंक कॉल बुक करण्याची गरज वाटली नाही.

२९ सप्टेंबर
अजून नाही. हजेरीचे कागद एसटीने पुण्याला गेले. साहेबांनी लाइन तोडायला सांगितलं. तात्पुरतं असावं.

३ ऑक्टोबर
मशीन न्यायला टेम्पो घेऊन शिवशरण स्वतः आला. वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. वायरी गुंडाळताना म्हणाला, मॅडम, तुमची पोस्ट जाते असं कळलं, म्हणून एकवीस तारखेला मीच गुपचूप शून्य करून टाकलं. आमच्या साहेबांना कळलं असतं तर बोलले असते. तरी फाइल का आली नाही?
मी त्याच दिवशी एक केल्याचं सांगितलं नाही. लाइन खराब होती, म्हटलं.
व्हय, तसंच असेल, म्हणाला. चहाही न घेता गेला.
लाइन खराब असू शकते. सोलापुरात असतात.