बियाण्याचा भोपळा

३ सप्टेंबर

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तुम्ही त्यांनाच सुनावलंत, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे प्रकृती ठीक आहे.

इकडची ताजी बातमी म्हणजे चोरी. नगरपालिकेने लोकांना भाज्या लावायला भाड्याने दिलेल्या जमिनीतला तुमच्या भावाचा तुकडा मी सोडलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी एकटीच जाते, कामं उरकते आणि स्टुलावर बसून वाचते. गेला महिनाभर तिथून टोमॅटो गायब होताहेत, वांगीही. चोर मोठा सभ्य आहे. देठ कात्रीने कापतो, कच्च्याला हात लावत नाही. परवा तर माझ्या माना टाकलेल्या मिरच्यांना पाणी घालून गेला!

टोमॅटो गेले तर जाऊ देत. जीव टांगणीला लागलाय तो भोपळ्यासाठी. सासूबाईंचं ते हिरव्या पट्ट्यांच्या भोपळ्याचं बी होतं नव्हतं तेवढं या वर्षी लावलं. वेल एकच जगला आणि त्याला भोपळाही एकच धरला. तो बियाण्यासाठी ठेवलाय. तो गेला तर बी संपलं.

काय करावं ते सुचवा. रागावलात तरी चालेल, पण पत्र थांबवू नका.

तुमची,
वहिनी

१२ सप्टेंबर

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

सभ्य चोर म्हणे! तू पुस्तकात डोकं घातलंस की तुला स्टुलासकट उचलून नेलं तरी पत्ता लागायचा नाही. तुला वाचायला लावलं माझ्या धाकट्या भावाने आणि भोगतायत टोमॅटो.

डबे बांधून दोरी ताण. धाकट्याचा जुना कोट काठीवर चढव, लांबून माणूस उभा असल्यासारखा वाटेल. आणि भोपळा घरी घेऊन ये, पलंगाखाली ठेव. आईने ते बी लुगड्याच्या पदरात बांधून आणलं होतं. घर बदललं, भांडी मोडीत गेली, पण बी राहिलं. ते जपायचं काम आता तुझ्याकडे आहे, मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

माया आहेच, ती काही गुडघ्यासारखी कुरकुरत नाही.

तुझी,
वन्सं

२१ सप्टेंबर

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. भोपळा गेला. देठ अजून हिरवा होता, म्हणून आणखी चार दिवस वेलावर राहू दे म्हटलं, तिथेच चुकलं.

यांचा कोट काठीवर चढवला नव्हता. लांबून कुणी उभं दिसलं असतं, तर चोराच्या आधी मीच फसले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच जाऊन मी अवजारांच्या खोपटामागे दबा धरून बसले. आणि आले कोण, तर समोरच्या तुकड्यावाले, निवृत्त बस ड्रायव्हर. पिशवी, कात्री, वर तोंडाने शीळ! मी पिशवीच धरली आणि चोर म्हणून ओरडले. ते बिचारे वाफ्यातच बसले. म्हणाले, अहो वहिनी, फाटक सताड उघडं होतं की. मी विचारलं, उघडं असलं म्हणून काय झालं? तेव्हा कळलं. तिथला नियमच आहे: फाटक लावलेलं असलं की कुणी पाऊल टाकायचं नाही, सताड उघडं ठेवलं की आमच्याकडे जास्त झालंय, खुशाल न्या. आणि हा नियम घातला होता तुमच्याच भावाने. सगळे म्हणत होते, वहिनींचं मन साहेबांपेक्षा मोठं, रोज वाटतात.

मला कसं कळणार? निघताना मी पुस्तक घेऊन पुढे चालायची, मागे फाटकाचं काय करायचं ते हे बघायचे. मी अजूनही तशीच पुढे निघते. मागे कुणी नाही, हे पायांना अजून कळलेलं नाही.

भोपळ्याची ड्रायव्हरांच्या घरी भाजी झाली. बिया भाजून नातवंडांनी खाल्ल्या. रडू आलं, पण दोष त्यांचा नव्हता.

तुमची अपराधी,
वहिनी

२८ सप्टेंबर

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

अपराधी वगैरे लिहू नकोस. आईचं काही म्हणून ते बीच उरलं होतं, एवढं मात्र खरं.

जेवत जा.

वन्सं

९ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट हळू फोडा, आत बिया आहेत.

ड्रायव्हरांना चैन पडेना. ते प्रत्येक फाटकाशी जाऊन विचारत सुटले. टोकाच्या तुकड्यावर एक बेकरीवाली आहे. तिने म्हणे गेल्या वर्षी आमच्या उघड्या फाटकातून भोपळा नेला होता आणि त्याच्या बिया लावल्या होत्या. मी जाऊन पाहिलं. तीच हिरवी पट्टी! शेजारी तिच्या लांब भोपळ्यांचे वेल आहेत, तेव्हा पुढचं पीक थोडं तिच्या वळणावर गेलं तर नाक मुरडू नका. सासूबाईंनाही सुना बाहेरूनच आणाव्या लागल्या.

निम्म्या बिया मी ठेवल्या, निम्म्या तुम्हाला. ज्याने ज्याने मागितल्या, त्यालाही मूठ-मूठ दिल्या. बी माझ्या एकटीकडे होतं म्हणून एका भाजीत संपत होतं. तिसरा मजला ही सबब चालणार नाही. गॅलरीत मोठी कुंडी ठेवा, वेल कठड्यावर चढवा. खालच्या मजल्यावरच्यांनी लोंबता भोपळा कापून नेला, तर भांडू नका. फक्त बिया ठेवा म्हणावं.

आता पत्रातून मला भोपळ्याचीही खुशाली हवी.

तुमची,
वहिनी