लाल डिस्क, निळी डिस्क आणि मी

३ जून, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या हुद्द्यावरची माणसं लिहितात, आणि माझा हुद्दा आता हाताच्या अंतरावर आहे.

वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात मी दोन वर्षं हंगामी मदतनीस. मदतनीस म्हणजे ज्याला कोणीही 'अरे' म्हणून हाक मारावी तो. पण परवा मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, कॉम्प्युटरबाईंना हाताखाली सहायक हवाय, त्या रजेवरून आल्या की तुझं बघू. 'बघू' म्हणजे झालंच. लगेच घरी फोन. आईला सांगितलं, कायम झालो. ताईला सांगितलं, स्वतंत्र खुर्ची आहे, फिरणारी. मग फोन दाजींनी घेतला. म्हणाले, कागद हातात पडला की बोल. पंधरा तारखेपर्यंत पडला नाही तर गुमान परत ये आणि माझ्या बादल्यांच्या दुकानात बस. वर आठवी नापासाचा टोमणा.

आठवीनंतर शाळा सोडली हे खरं. पण शाळेनेही मला फार आग्रह केला नाही.

३ जून, सकाळी ९.३०
कॉम्प्युटरबाई आठवडाभर रजेवर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. जाताना सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, नेहमीसारखी रोज संध्याकाळी बॅकअपची डिस्क बदलायची. लाल काढ, निळी घाल, दुसऱ्या दिवशी उलट. बाकी कशालाही हात लावलास तर बघ. हे शेवटचं त्या सगळ्यांनाच म्हणतात.

३ जून, दुपारी १२.३०
सर्व्हर म्हणजे सगळ्या ऑफिसचा मेल ज्यात राहतो ते कपाटाएवढं मशीन. हात लावून बघितला. चटका बसला. दोन वर्षं बिचारा तापतोय, कोणाला माया नाही. टेबलफॅन आणला, पण प्लग रिकामा नव्हता. सर्व्हरची पिन काढून तिथे फॅनची लावली. दहा मिनिटांत सर्व्हर गार. एवढा गार मी त्याला कधीच बघितला नव्हता.

१२.५०
पिन परत लावली. पडद्यावर तांबडी अक्षरं. लिफ्ट दुरुस्त करणारा माझा रूम-पार्टनर इंग्रजी बरं वाचतो, त्याला फोनवर एकेक अक्षर सांगितलं. तो म्हणाला, डेटाबेस खराब झालाय, बॅकअपमधून रिस्टोअर करा असं लिहिलंय. आणि म्हणाला, तू काय केलंस? मी म्हणालो, वारा घातला.

घाबरायचं कारण नाही. मशीनने स्वतःच औषध सांगितलंय. आणि बॅकअपचा माणूस कोण? दोन वर्षं लाल-निळी कोण करतंय?

१.१५
बाईंना फोन करावा असं एकदा वाटलं. पण त्यांच्या आईचा डोळा. अशा वेळी त्रास देणं शोभत नाही.

१.४०
रिस्टोअरच्या खिडकीत दोन चौकोन. पार्टनरकडून फोनवर अर्थ विचारून घेतला: डावा 'कुठून', उजवा 'कुठे'. एकात सर्व्हर घालायचा, एकात लाल डिस्क. थोडा विचार केला. सर्व्हर मोठा, डिस्क लहान. मोठ्याचं नाव आधी. डावीकडे सर्व्हर, उजवीकडे डिस्क. मशीनने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? हो. पुन्हा विचारलं, नक्की? हो म्हणालो ना. मशीनला माझ्यावर भरवसा नव्हता.

चार सेकंदांत 'यशस्वी'. चार! बाईंना अशा कामाला दोन तास लागतात. वय झालं की हात जड होतो.

२.००
मेल उघडला. आत काही नाही. एकदम स्वच्छ. कोणाचा पासवर्डही चालत नाही. मॅनेजरसाहेब खोलीत आले. त्यांना म्हणालो, साहेब, सर्व्हर चालू आहे, फक्त मेल नाहीत. त्यांनी स्वतः माऊस हलवून बघितला. मग विचारलं, बाईंना कळवलंस का? मी म्हणालो, हो. मनातल्या मनात कळवलं होतं.

४ जून, मंगळवार. सकाळी ९.००
आज निळी डिस्क. काल घाई झाली असेल, म्हणून आज तेच सगळं सावकाश केलं. डावीकडे सर्व्हर, उजवीकडे निळी. तीन सेकंद. म्हणजे हात बसत चाललाय.

मेल अजून कोरा. डिस्कांतच खोट असणार. स्वस्तातला माल.

४ जून, सकाळी ११.००
मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. हातात चिठ्ठी ठेवली. म्हणाले, तुझा सर्व्हर उठेपर्यंत ही तिसऱ्या मजल्यावर पर्सनलबाईंना दे, आणि उत्तर घेऊन ये. पर्सनलबाई म्हणजे रजा, हजेरी, नेमणुका बघतात त्या. ऑफिसात चार मजले, लिफ्ट नाही, मागे अंगणापलीकडे गोदाम. फोन आहेत, पण साहेबांचं म्हणणं, बोललेलं मागाहून कोणी कबूल करत नाही, लिहिलेलं पाहिजे.

जेवायच्या सुट्टीपर्यंत नेलेल्या चिठ्ठ्या: १९.

४ जून, संध्याकाळी ५.००
बाबा रे. ५४ चिठ्ठ्या. प्रत्येकीवर नंबर घालतो, मिळाल्याची सही घेतो. एक टेबल रिकामं होतं, चिठ्ठी परत आणली, वर लिहिलं, पत्त्यावर माणूस नाही. पाठवणारे खवळले. म्हणाले, अरे, तो फक्त हात धुवायला गेला होता!

नियम केला: सर्व्हर मेल वाचत नाही. मीही वाचणार नाही. घडी घातलेली चिठ्ठी घडीसकट पोचणार.

५ जून, बुधवार. सकाळी १०.४५
लोक सोकावले. पर्सनलबाईंनी एक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, ही सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे एकतीस टेबलं. झेरॉक्स काढून, सगळ्यांवर एकच नंबर घालून वाटल्या. आता त्यातले अकरा जण उत्तर देतायत, आणि तेही सगळ्यांनाच. उत्तर काय, तर 'बरं'. अकरा वेळा 'बरं' घेऊन चार मजले. पोटऱ्या दगड झाल्या.

५ जून, दुपारी ३.१५
गोदामकाका रोज सकाळी मेलवर सगळ्यांना सुविचार पाठवायचे. आज मला गाठून एकतीस चिठ्ठ्या दिल्या: 'हसत राहा.' मी म्हणालो, काका, हे नाही नेणार. काका म्हणाले, मेलने कधी नाही म्हटलं नव्हतं. नेलं. पर्सनलबाईंनी न वाचता केराच्या टोपलीत टाकलं. म्हणाल्या, पूर्वीही मी असंच करायचे.

एकाने चिठ्ठीसोबत नमुन्याचा वजनकाटा दिला. म्हणाला, जोडपत्र आहे. जोडपत्र बावीस किलोचं. चौथा मजला.

५ जून, संध्याकाळी ५.३०
पुन्हा लाल. पुन्हा निळी. प्रत्येकी दोन सेकंद. वेग वाढतोय, परिणाम यायला हवा.

रूम-पार्टनर म्हणाला, त्या इमारतीत लिफ्ट बसवली असती तर तुला कोणी विचारलं नसतं. मी त्याला सांगितलं, तुझं काम फक्त वर-खाली, माझं काम माहितीचं. तो म्हणाला, तूही वर-खालीच करतोयस. मत्सर.

६ जून, गुरुवार. दुपारी २.००
आजचा पराक्रम नोंदवून ठेवतो. पर्सनलबाईंनी दोन चिठ्ठ्या दिल्या, एक साहेबांना, एक गोदामकाकांना. दोन्ही पोचवून मी परत जिन्याच्या वळणावर पोचलो तोच बाई वरून ओरडल्या, अरे थांब, काकांचा फोन आलाय, त्यांची चिठ्ठी साहेबांना गेली! दोन्ही घड्या सारख्या, मीच त्या खिशात एकत्र ठेवल्या होत्या. धावत खाली. साहेब तेव्हा कुठे घडी उलगडत होते. मी म्हणालो, साहेब, हा मेल पाठवणाऱ्याने मागे घेतलाय. आणि हातातून ओढून घेतली.

साहेब म्हणाले, असं करता येतं? मी म्हणालो, उलगडायच्या आत येतं.

बाईंना घाम फुटला होता. मला चहा दिला. चिठ्ठीत काय होतं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं: 'म्हाताऱ्याचा मूड बघून वर या.' मी ऐकलं, पण वाचलं नाही. नियम मोडला नाही.

६ जून, संध्याकाळी ६.००
आईचा फोन. म्हणाली, राजा, काम कसलं असतं रे? म्हणालो, आख्ख्या कंपनीचा मेल माझ्यावरून जातो. आईने हे शेजारी सांगितलं. मागून दाजींचा आवाज आला, कागद आला का? म्हणालो, पाइपलाइनमध्ये आहे. दाजी म्हणाले, पाइपाखाली लावायला बादल्या आपल्याकडे आहेत.

७ जून, शुक्रवार. सकाळी ११.२०
साहेबांनी स्वतःच कॉम्प्युटरबाईंना फोन लावला. फोन संपल्यावर मला विचारलं, तू कळवलं होतंस ना? मी म्हणालो, रेंज नसेल. साहेबांनी आवाज चढवला नाही. एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली, त्यावर टाचणी मारली. म्हणाले, पर्सनलबाईंना, अर्जंट.

नंबर २१२. तीन जिने, अडतीस सेकंद. विक्रम. बाईंनी वाचली, माझ्याकडे बघितलं, बसायला सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग उत्तर लिहून दिलं. तेही टाचणी मारून. नंबर २१३. उतरताना एकतीस सेकंद.

अर्जंट, टाचणी, 'बस'. कागदाचंच चाललंय. मनातल्या मनात पेढे वाटले.

१० जून, सोमवार. सकाळी ९.४०
कॉम्प्युटरबाई आल्या. आईंचा डोळा उत्तम, चार पाट्या लांबून वाचतात. मग म्हणाल्या, काय केलंस ते पहिल्यापासून सांग. सांगितलं. वारा, पिन, डावीकडे मोठ्याचं नाव. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, अरे शहाण्या, सर्व्हर कोरा झाला होता आणि डिस्क भरलेली होती. तू कोरी पाटी घेऊन भरलेली पाटी पुसलीस. मग दुसरीही पुसलीस. मग दोन्ही पुन्हा पुसल्यास. मी म्हणालो, खात्री करून घेत होतो.

१२.१५
बाईंच्या टेबलाच्या खणात, कुलपात, तिसरी डिस्क निघाली. पांढरी. दर शुक्रवारी त्या गुपचूप भरतात. मला कोणी बोललं नव्हतं. डावीकडे डिस्क, उजवीकडे सर्व्हर. एवढाच काय तो फरक. तास-दोन तासांत सगळे मेल जागेवर. गोदामकाकांचे जुने सुविचारसुद्धा.

दुपारी १.००
मात्र त्या आठवड्याचे मेल कुठेच नाहीत, कारण ते चिठ्ठ्यांत आहेत. साहेबांचा हुकूम: एकूण एक चिठ्ठी गोळा करा, सर्व्हरवर टाइप करून चढवा, सगळं रेकॉर्डवर पाहिजे. बाई म्हणाल्या, कुठली चिठ्ठी कुठल्या टेबलावर गेली ते यालाच माहीत, हाच करेल. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, माझ्या डोळ्यांसमोर बसून.

म्हणजे खुर्ची! फिरते. दोन्ही बाजूंना.

शेवटी रिस्टोअर मीच करणार. आणि बॅकअप कोणाचा? माझा. नंबर घातलेला, सह्या घेतलेला, दोनशे तीस चिठ्ठ्या.

११ जून, मंगळवार. संध्याकाळी ५.००
टाइप झालेल्या: १४. एका बोटाने. टाइप करताना वाचावं लागतं, तेव्हा नियम तूर्त स्थगित.

बऱ्याच गोष्टी कळल्या. 'बरं' म्हणणाऱ्या अकरांपैकी चौघांनी एकतीस जणांना पाठवलेली मूळ चिठ्ठी वाचलीच नव्हती.

१३ जून, गुरुवार. सकाळी ११.००
पर्सनलबाईंनी त्यांचा गठ्ठा आज दिला. आधी २१२ काढली. अर्जंटवाली.

साहेबांचं अक्षर: 'हा मुलगा प्रामाणिक आहे, फक्त खरं बोलत नाही. संगणकाचे ज्ञान शून्य. सर्व्हरच्या खोलीत पुन्हा पाय ठेवू देऊ नये. मात्र जिने चढण्यात तोड नाही. सोडू नये.'

२१३, साहेबांच्या गठ्ठ्यातली, पर्सनलबाईंचं उत्तर: 'मग कायम कुठे करू?'

त्याखाली साहेबांचा शेरा, लाल पेनाने: 'जिन्यावर.'

हे मी स्वतः नेलं. अडतीस सेकंदांत. थोडा रेंगाळलो असतो तर काय बिघडलं असतं?

दुपारी १२.३०
२१२ आणि २१३ सापडल्या नाहीत असं कॉम्प्युटरबाईंना सांगितलं. (माझ्या बुटात आहेत.) कुठल्याही सिस्टममध्ये थोडा डेटा जातोच. दोनशे तीसमध्ये दोन म्हणजे काहीच नाही. आणि साहेबांना लिहिलेलं आठवत नसेल, तर ऑर्डर सहायकाचीही निघू शकते. साहेब विसरतात. कालच दोन चष्मे एकावर एक घालून आले होते.

१४ जून, शुक्रवार. सकाळी १०.००
कॉम्प्युटरबाईंनी माझ्या टेबलावर एक वही ठेवली. साहेबांची. साहेब पहिल्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीखाली कार्बन घालून लिहीत होते, आणि आलेल्या प्रत्येक उत्तराचा झेरॉक्स मागे चिकटवत होते, शेऱ्यासकट. निळं, थोडं पुसट, पण शब्दन् शब्द. मी विचारलं, एवढं कशाला? बाई म्हणाल्या, साहेबांचा तुझ्यावर विश्वास नव्हता. माझा साहेबांवर नाही. असंच चालतं रे हे.

मग म्हणाल्या, २१२ पासून घे, तुझ्या ऑर्डरसाठी पर्सनलबाईंना पाठवायचंय.

१०.५०
टाइप केलं. 'ज्ञान' लवकर झालं नाही, 'शून्य' पटकन झालं.

मेल काही केल्या सेव्ह होईना. मशीन म्हणालं, विषय लिहा. बाईंना विचारलं, याचा विषय काय घालू? त्यांनी मान वर न करता सांगितलं, किरकोळ.

घातला. यशस्वी. दोन सेकंद.

संध्याकाळी ५.३०
कागद हातात पडला. 'निरोप व वाहतूक, कायम.' दाजींना फोन केला, वाचून दाखवला. दाजी म्हणाले, वाहतूक म्हणजे गाडी आहे का? म्हणालो, नाही. मग म्हणाले, खुर्ची? म्हणालो, चिठ्ठ्या संपेपर्यंत आहे, अजून एकशे ऐंशी उरल्या आहेत.

उद्यापासून दिवसाला दोनच टाइप करणार. घाईत चुका होतात.