हातोडेवाला आणि आईचा गुडघा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
रजेचा पहिला दिवस. एकवीस दिवस मंजूर. कारण: आईचा गुडघा बदलला, घरी कुणीतरी हवं. बायकोला तिच्या लॅबमध्ये रजा मिळेना. मीच छाती पुढे काढून म्हणालो, मी आहे ना.
फिजिओबाई सगळं समजावून गेल्या. टाच गादीवरून घासत मागे ओढायची, दहा आकडे धरायची, सोडायची. असं वीसदा. दिवसातून तीन वेळा. शिवाय वॉकर घेऊन चालणं. आज गुडघा ५५ अंश वाकतोय. तीन आठवड्यांत ९० पार हवा, नाहीतर आतून आखडतो. रोजचे अंश लिहायला तक्ता दिलाय, मोजायला प्लास्टिकचा कोनमापक.
मी म्हणालो, मॅडम, मी वजनमापे निरीक्षक आहे. चोवीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडतोय. इथे चूक होणार नाही.

दुपारी ३
व्यायाम दोनदा झाला. आई किंचाळली. मी शांत राहिलो.
होस्टेलवरून लेकीचा फोन. ती आणि तिच्या मैत्रिणी मोबाइलवर कसलातरी तलवारबाजीचा गेम खेळतात. फुकट आहे. म्हटलं, मीही घेतो, तेवढंच तुझ्याशी बोलायला निमित्त. हसली. म्हणाली, बाबा, तो फार अवघड आहे, तुम्हाला नाही झेपणार.
डाउनलोड केला. नुसता बघायला.

४ फेब्रुवारी. सकाळी ११
नवशिक्याची निरीक्षणं. (पुढे कुणाला उपयोगी पडतील, म्हणून व्यवस्थित लिहितोय.)
एक जळका किल्ला. दारात हातोडा घेतलेला पहारेकरी, कपाटाएवढा. मी चाल करून गेलो. अकरा सेकंदांत मेलो. पुन्हा गेलो. नऊ सेकंद.
टीप १: चाल करून जाऊ नये.
टीप २: कोपऱ्यातली हिरवी रेघ म्हणजे आपला दम. ती संपली की तलवार उचलत नाही. दम राखून लढावं.
सकाळचा व्यायाम थोडा उशिरा घेतला. वीसऐवजी बारा. आईचाही दम राखायला हवा.

६ फेब्रुवारी. दुपारी १
टीप ३: मार चुकवायला ढालीपेक्षा लोळण बरी. हातोडा वर गेला की लोळायचं नाही, खाली यायला लागला की लोळायचं. हे समजायला एकतीस मरणं लागली.
टीप ४ (महत्त्वाची): हा गेम मध्येच थांबवता येत नाही. ऑनलाइन आहे. तुम्ही थांबलात तरी हातोडेवाला थांबत नाही.
आईने दोनदा हाक मारली. दोन मिनिटं म्हणालो. गेलो तेव्हा ती झोपली होती. झोपलेल्या माणसाला उठवून व्यायाम करवणं क्रूरपणा आहे. तक्त्यात ६४ लिहिलं. मोजलं नाही, पण नजर तयार आहे आपली.
लेकीने गेममध्ये मला मित्रयादीत घेतलं. छान वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
बायको घरी. गेमला हात लावला नाही. म्हणजे व्यसन नाही. सिद्ध झालं.
तिने तक्ता बघितला, ७१. खूश झाली. म्हणाली, तुला जमेल असं मला वाटलं नव्हतं हं.
जेवण गोड लागलं नाही.

१० फेब्रुवारी. दुपारी १२.३०
वाईट दिवस.
फिजिओबाई अचानक आल्या. तक्त्यावर ७८. त्यांनी कोनमापक लावला. ६०. पुन्हा लावला. ६०. मग मला विचारलं, काका, हा तक्ता ह्याच गुडघ्याचा आहे ना?
मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, त्याचा काही दोष नाही हो. तो बिचारा सारखा मागे लागतो, मीच दुखतं म्हणून पाय ताठ धरते. आकडे मीच सांगितले त्याला.
बहात्तर वर्षांची बाई. आयुष्यात खोटं बोललेली मी ऐकली नव्हती.
फिजिओबाईंनी तिला चांगलंच झापलं. मी मान खाली घालून पाण्याचा ग्लास आणायला गेलो आणि स्वयंपाकघरातच उभा राहिलो.
त्या गेल्यावर आईला म्हणालो, तू कशाला माझ्यावर पांघरूण घातलंस? ती म्हणाली, जाऊ दे रे, मलाही बरंच होतं ते. दुखत नव्हतं ना.
एखाद्या दुकानदाराकडे असा तराजू सापडला असता तर मी तिथल्या तिथे सील ठोकलं असतं.
गेम काढून टाकला. कायमचा.

११ फेब्रुवारी. सकाळी ११
व्यायाम वीसदा. ६१. खरे.

दुपारी ४
लेकीला न सांगता गेम सोडणं बरं दिसत नाही. तिला वाटेल, बाबा घाबरले. पुन्हा डाउनलोड केला. हातोडेवाल्याला एकदा पाडायचं आणि सन्मानाने निवृत्त व्हायचं. व्यायामाच्या वेळा सोडून. फार तर पाऊण तास.

१३ फेब्रुवारी
मरण क्रमांक १३८. त्याचं अर्धं रक्त संपलं की हातोडा पेटतो, हे आजपर्यंत माहीत नव्हतं, कारण तिथवर गेलोच नव्हतो.
टीप ५: औषधाची कुपी लांब जाऊन प्यावी.
टीप ६: इअरफोन लावावेत. हातोडा फिरण्याआधी तो घशातून आवाज काढतो, तो ऐकू येतो.
आईचा व्यायाम एकदा. तिने स्वतःच केला, मी दारातून मोजले. बहुतेक चौदा.

१४ फेब्रुवारी. दुपारी १२.१०
जिंकलो.
मरणं १४२. एकशे त्रेचाळिसाव्या वेळी हातोडेवाला गुडघ्यावर आला आणि राख झाला. इअरफोन काढून ओरडतच बाहेर गेलो, आई, पाडला!
पलंगावर आई नव्हती.
बाथरूममध्ये होती. वॉकर घेऊन एकटीच गेली, कमोडवरून उठता येईना. पाय वाकत नाही तर उठणार कशी? हाका मारल्या. शेवटी मगने बादली बडवली. अर्धा तास. मी पलीकडच्या खोलीत हातोड्याचा आवाज ऐकत होतो.
तिला उठवलं. अंग थंडगार पडलं होतं. रडत नव्हती. साडी नीट करत म्हणाली, सुनेला सांगू नकोस, उगाच तिला घोर.
बरं म्हणालो. आणि खरं लिहायचं तर हायसं वाटलं.

दुपारी ४
मोबाइलवर अभिनंदनाचा संदेश. मला एक शिरस्त्राण मिळालंय.

१७ फेब्रुवारी. सकाळी १०
लेकीचा फोन. वाटलं, शाबासकीसाठी असेल. म्हणाली, बाबा, मित्रयादीत प्रत्येकाने किती तास खेळलं ते दिसतं. तुमचे त्रेसष्ट तास झालेत. चौदा दिवसांत. आजीचा व्यायाम कधी घेता?
म्हणालो, फोन चुकीचं दाखवत असेल, मधेमधे नुसता चालू राहतो. ती म्हणाली, मी आईला सांगणार नाही. तुम्हीच सांगा.
सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१८ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे. गुडघा ५८. ऑपरेशननंतर घरी आला होता त्याहून तीन अंशांनी जास्त. पंधरा दिवसांची कमाई. आतून आखडलाय, भूल देऊन वाकवावा लागेल म्हणाले. परवा या.
त्यांनी विचारलं, व्यायाम कोण घेतं? आई माझ्याकडे बघत होती. बायकोही बघत होती. मी म्हणालो, मी.
पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. नाही बोललो.

२० फेब्रुवारी. सकाळी ११.१५, हॉस्पिटलचा बाक
आईला आत नेऊन वीस मिनिटं झाली. बायकोला सगळं सांगितलं. गेम, तक्ता, बाथरूम. सगळं.
वाटलं होतं, भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मी लॅबमध्ये रोज तुझे ते आकडे सगळ्यांना सांगत होते. आज ६४, आज ६८. माझा नवरा बघा म्हणून.
मग पर्स उचलून दोन बाक पलीकडे जाऊन बसली.

दुपारी १
आई बाहेर आली. गुडघा ९५ पर्यंत वाकवला, पण तो आता रोज तेवढा ठेवायचा आहे. शुद्धीवर आल्या आल्या तिने विचारलं, जेवलास का?
गेम काढला. ह्या वेळी त्याबद्दल काही ठरवलं नाही. नुसता काढला.

२१ फेब्रुवारी
बायकोने लॅबमध्ये काय सांगितलं कोण जाणे, तिला रजा मिळाली. सकाळचा व्यायाम तिने घेतला. भिंतीपलीकडून आईचं ओरडणं आणि बायकोचं मोजणं. सात, आठ, सोडायचं नाही आई, नऊ.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.३०
सहाला उठलो. आंघोळ केली. चादर ताणून घातली, टाचेखाली घ्यायचा टॉवेल गुंडाळून ठेवला, बर्फाची पिशवी काढली. बायको झोपली होती, म्हटलं झोपू दे, आज मी. आईच्या पायाशी बसलो आणि टाच हातात घेतली.
आई म्हणाली, तू नको रे.
म्हणालो, आई, आता नाही चुकणार. फोन बंद करून ठेवलाय.
ती म्हणाली, फोनचं नाही. मी आई गं म्हटलं की तू लगेच सोडतोस. लहानपणापासून तसाच आहेस, कुणाचं दुखलेलं बघवत नाही तुला. ती सोडत नाही. तिलाच हाक मार.
मी उठलो आणि बायकोला हाक मारायला निघालो. ह्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. दारापर्यंत पोचलो, मग वाईट वाटलं.
उद्यापासून ऑफिस.