कच्चं सोयाबीन

१४ ऑगस्ट १९७५, सातारा
कोंबडीची आणखी दोन पिल्लं मेली! विसांतली नऊ उरली. पोट टच्च भरलेलं, छातीचं हाड मात्र बोटाला टोचतं. खुराकात कसूर नाही — शेती खात्यातून आणलेलं सोयाबीन, भिजवून, भरडून. पलटणीत खेचरांना हरभरा असाच कच्चा भिजवून घालायचो. काय तुकतुकीत असायची!
चंद्रा जाऊन वर्ष झालं. बायकोविना सुन्या घरात काहीतरी आवाज असावा म्हणून पिल्लं आणली होती.

१७ ऑगस्ट
सकाळी शेजारचा आकाराम खुराड्यात हात घालताना सापडला. म्हणजे दाणा हाच उचलतो, म्हणून पिल्लं खंगतात! तोंडाला येईल ते बोललो. "आवं हवालदार, ऐका तरी —" ऐकलं नाही. गल्ली गोळा झाली. सगळ्यांसमोर चोर म्हणालो.

१८ ऑगस्ट
संध्याकाळी सवयीनं आकारामचाही धरून दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

२३ ऑगस्ट
आकाराम आणि त्याची बायको राहीबाई घराला कुलूप लावून लेकीकडे सांगलीला गेले. मला काही न सांगता. कशाला सांगतील?

२५ ऑगस्ट
मेलेलं पिल्लू पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिरून दाखवलं — आतड्याच्या वळशात स्वादुपिंड सुजलेलं.
म्हणाले, "कच्च्या सोयाबीनमध्ये एक प्रथिन असतं. ते पाचकरसाला चिकटतं नि त्याचं काम बंद पाडतं. स्वादुपिंड आणखी रस सोडतं, तोही वाया. पिल्लू पोटभर खातं आणि उपाशी मरतं. नीट भाजून घातलं असतं तर बाधलं नसतं."
मी हरभऱ्याचं काढलं. "हरभऱ्यात ते बरंच कमी. आणि खेचर कुठं, पिल्लू कुठं, हवालदार!"
म्हणजे चोरी झालीच नव्हती. मेलेली सगळी मीच मारली. घरी येऊन उरलेल्यांसाठी कढईत सोयाबीन भाजलं आणि एकटाच रडलो.

२६ ऑगस्ट
आकारामला कार्ड टाकलं. तीन फाडली, चौथ्यावर 'चुकलो' एवढंच लिहिलं.

३ सप्टेंबर
सांगलीहून कार्ड! आकारामचंच वेडंवाकडं अक्षर — 'पिल्लं लय उपाशी दिसायची. तुमी हौसेनं केलेला खुराक, वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई. रोज भाकरीचा चुरा टाकत हुतो. न इचारता केलं, माफी करा.'
माफी तो मागतोय! उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.नं सांगली.