हॉर्न नसलेलं चाक

५ नोव्हेंबर १९६१, अकोला
मोटार घरी आली. स्टिअरिंगशिवाय.
पुन्हा लिहितो, कारण उद्या वाचून मलाच खरं वाटणार नाही. दारं आहेत, दिवे आहेत, गाद्या आहेत. हातात धरून वळवायचं ते चाक तेवढं काढून घेतलंय. उघडा दांडा वर आलाय, मुंडकं छाटलेल्या कोंबड्यासारखा. रहमान मिस्त्रीने दांड्याला मोठा पाना लावला आणि तो फिरवत फिरवत गाडी गावातून इथवर आणली. सबंध गल्ली बघायला दारात. हसली नाही, एवढे उपकार.
दलाल म्हणतो, "मी काय करू वकीलसायेब? परवापावतर चाक गाडीलेच होतं. मंग देशमुखानं इचारलं, घेनारा कोन. मी तुमचं नाव सांगतलं, अन्..."
पुढचं बोलायची गरज नव्हती.

६ नोव्हेंबर
आमच्या गावच्या देशमुखाचं (यापुढे दे. पूर्ण नावाला शाई घालवायची नाही) उत्तर दलालामार्फत आलं. चाकाला दरसाल दसऱ्याला घरच्या बायकांनी हळदकुंकू वाहिलंय. पुजलेली वस्तू घराबाहेर जात नाही.
छान. दसऱ्याला फुलांच्या माळा बोनेटलाही घालतात, ते दिलं. गाद्यांवर सगळं खानदान बसलं, त्या दिल्या. जिथे रोज हात पडत होता तेवढंच ठेवलं. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला पाच वर्षं झाली. कोर्टात न्यायाधीश मला "यू मे प्रोसीड" म्हणतात. पण दे.च्या लेखी मी अजून किसन महाराचं पोरगं, आणि माझ्या हाताने ते चाक बाटणार.
नोटीस काढता येईल. काढून सांगू काय, की माझ्या अशिलाला, म्हणजे मलाच, हात आहेत?

७ नोव्हेंबर
सुशीला चिडली आहे. "अहो, अमरावतीत कितीतरी गाड्या निघतात विकायला. त्यांचीच जुनाट मोटार कशाला हवी होती?"
तिला सगळं ठाऊक आहे, तरी विचारते. ती अमरावतीची, शिक्षकाची मुलगी, तिने ती गाडी चालताना पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. गाडी गावात आली त्या दिवसापासून तिच्यापुढे धावायचं काम माझ्या बाचं. गावकीचं काम, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. गाडी वेशीत आली की बा धोतर खोचून पुढे. "सरका, सरका, मालकाची गाडी येऊन राह्यली!" गुरं हाकलायची, पोरं उचलून बाजूला करायची, नाल्यात फसली की खांदा लावायचा. उन्हाळ्यात फुफाट्यात, अनवाणी.
मला एकच करायचं आहे. त्याच मोटारीत मागच्या गादीवर बाला बसवायचं आणि दे.च्या दारावरून एकदा न्यायचं. एकदाच. मग गाडी भंगारात गेली तरी चालेल.
बाला विचारलं. बिडी विझवत म्हणाला, "पाहू." त्याचा "पाहू" म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

११ नोव्हेंबर, अमरावती
कोर्टाचं काम होतं, ते उरकून मोटारसामानाच्या दुकानात. या मॉडेलचं चाक मिळत नाही, मुंबईतही मिळणार नाही म्हणे. दुकानदाराने दुसरंच काढलं. काळंभोर, मध्ये चकचकीत पट्ट्या. "साहेब, हे कोणत्याही गाडीला बसतं."
घेतलं. परत येताना एस्टीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कायची परात हाय जी?"

१३ नोव्हेंबर
कोणत्याही गाडीला बसणारं चाक कोणत्याच गाडीला बसत नाही. आमच्या दांड्याला दाते आहेत, चाकाचं भोक त्याहून मोठं आणि गुळगुळीत. रहमान मिस्त्रीने तंबाखू मळत पाहिलं. "बीच में एक तुकडा बनाना पडेगा. बाहर से गोल, अंदर दाते." जिनिंगच्या कारखान्यात त्याचा भाचा लेथवर आहे, तो करून देईल. कधी? "कापूस का सीजन है साब."
म्हणजे कापसाचं सगळं झाल्यावर माझं. ठीक आहे, वाट बघायची आम्हाला सवय आहे.

२२ नोव्हेंबर
तुकडा आला. बसला नाही. मिस्त्री म्हणतो भाच्याने माप चुकवलं, भाचा म्हणतो मामाने चुकीचं दिलं. दोघं माझ्या अंगणात भांडले आणि नंतर माझ्याच घरी चहा प्याले. बा ओट्यावर बसून मजा बघत होता. कित्येक दिवसांनी हसताना दिसला.

२ डिसेंबर
दुसरा तुकडा बसला. वरून नट आवळला. चाक फिरतं, गाडी वळते! अंगणातल्या अंगणात पुढे-मागे केली. जरा वाकडं बसलंय. गाडी सरळ चालते तेव्हा चाकाच्या पट्ट्या तिरक्या दिसतात. शिवाय जुन्यापेक्षा लहान, त्यामुळे वळवायला जोर लागतो, दंड भरून आले.
पण हॉर्न नाही. जुन्या चाकाच्या मधोमध बटण होतं, तार दांड्यातून वर येत होती. नव्याला नुसतंच झाकण. मिस्त्री म्हणाला, बाहेरून रबरी भोंगा लावू, चार दिवस द्या. मी म्हणालो, नंतर पाहू, उद्या गावी जायचं आहे.
"बिना हॉर्न? गाय-भैंस आपकी वकालत सुनेगी क्या?"
हसलो. काय दुर्बुद्धी.
बाला सांगितलं, उद्या निघायचं. या वेळी "पाहू" म्हणाला नाही. सुशीलाकडे कोट मागितला इस्त्रीचा.

३ डिसेंबर
गावाहून परत आलो. लिहवत नाही.

४ डिसेंबर
लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मी त्यातलं काहीतरी बदलून टाकीन.
सकाळी निघालो. मागे बा आणि सुशीला. बाचं पांढरंशुभ्र धोतर, अंगात माझा कोट, डोक्यावर टोपी. अकोट रस्त्यावर बा गादीवरून हात फिरवत होता. मला आरशातून दिसत होतं. मनात म्हणालो, झालं, एवढ्यासाठीच सगळं.
वेशीतून आत शिरलो. आमच्या वस्तीतली पोरं गाडीमागे पळायला लागली, बाया दारात आल्या. आणि दे.च्या वाड्याच्या वळणावर गुरं. गायकी गुरं घेऊन रानात निघालेला, सबंध गल्ली भरलेली. गाडी थांबली. बटण दाबायला हात गेला, बटण कुठाय. खिडकीतून ओरडलो, "अरे, बाजूला घ्या." एक म्हैस नुसती वळून बघायला लागली. दे. समोर ओट्यावर, हातात चहाची बशी.
तेवढ्यात मागचं दार उघडलं. मला वाटलं पोरांपैकी कुणी आलं. बा होता. खाली उतरला, कोटाखाली धोतर खोचलं आणि गाडीपुढे धावला.
"सरका रे, सरका! सायबाची गाडी येऊन राह्यली!"
तोच आवाज. तोच हात वर. मी लहान असताना ऐकलेला, जसाच्या तसा. गुरं लगेच बाजूला झाली, जणू त्यांनाही ओळखीचा. माझा पाय ब्रेकवरून निघेना. मी आत बसलेला, माझा बाप पुढे धावतोय, आणि बघायला कोण, तर दे.
तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. म्हणाला, "काय रे किसन्या, सवय गेली नाई?"
बाने मागे वळून शांतपणे सांगितलं, "गाडीले हारन नाई जी."
"हारन त माह्या घरात हाय."
सुशीला मागे रडत होती. गाडी कशी पुढे काढली मला आठवत नाही. वस्तीत थांबलो नाही. बाला गावाबाहेर बसवून घेतलं.

५ डिसेंबर
बाशी बोलणं नाही. म्हणजे मी बोलत नाही. तो जेवतो, बिडी ओढतो, शेजाऱ्यांना गाडीची हकिगत सांगतो. आज ओट्यावर चक्क वाढवून सांगत होता, "अशी झोकात गेली गाडी, मी पुढं!"
मी बाहेर येऊन म्हणालो, "बा, तू उतरलास कशाला?"
"गुरं आडवी होती."
"होती तर असू दे. थांबलो असतो."
"त्याच्या दारात?" बा म्हणाला. "तुह्यी गाडी अडून राह्यली असती अन् तो पाहत बसला असता. म्या त्याची गाडी काढून देल्ली इतके साल. पोराची एक डाव नाई काढाची?"
मी आत येऊन खटल्याचे कागद उघडले. दिवसभर कोर्टात बोलतो मी.
तरीही मनाला पटत नाही. बाला अभिमान वाटतो आहे, आणि मला मरावंसं वाटतंय. दोघं एकाच गाडीत होतो.

९ डिसेंबर
मिस्त्री भोंगा घेऊन आला होता. परत पाठवला. गाडीवर गोणपाट टाकून ठेवलंय. विकून टाकणार. सुशीला म्हणते, विकाच. पण मग म्हणाली, "बाला आधी विचारा."
बा घरात नाही. सकाळच्या एस्टीने कुठेतरी गेला.

१० डिसेंबर
बा काल संध्याकाळी आला. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी गोल. ओट्यावर ठेवलं, गाठ सोडली. चाक. दे.च्या मोटारीचं, मधल्या बटणासकट. खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू वाळून काळं झालेलं.
मी विचारलं, "मागून आणलंस?"
"मांगलं नाई. म्हतलं, गाडी माह्या पोराची हाय, तिचं सामान तुमच्या भिंतीवर काहून?"
"आणि तो?"
"बसला उगामुगा. मंग गड्याले म्हने, काढून दे. च्या बी पाजला."
"कशात?"
बा बिडी शोधायला लागला.
"बा, कशात पाजला? आतल्या कपात, की आपल्यासाठी गोठ्यात ठेवलेल्या..."
"तुले चाक पाह्यजे होतं का कप?"
एवढं बोलून आत गेला आणि चटईवर आडवा झाला.
मला खरंच माहीत नाही. बा हक्काने बोलला असेल. किंवा अंगणात उभा राहून हात जोडले असतील आणि मला हे सांगतोय. गावातल्या कुणाला विचारता येईल, पण विचारणार नाही. हात जोडले असं निघालं तर मी काय करू? आणि नाही जोडले असं निघालं, तरी ते मला खरं वाटेल का? दे.ने माझा बापावरचा विश्वासही काढून घेतला, चाकापेक्षा ते वाईट.

११ डिसेंबर
सुशीला ओलं फडकं घेऊन चाकावरचं कुंकू पुसायला बसली. अर्धं पुसलं आणि थांबली. "पुसू ना?" म्हणाली. मी म्हणालो, बाला विचार. बा म्हणाला, पुस.

१२ डिसेंबर
मिस्त्री सकाळीच आला, बाने निरोप धाडला होता म्हणे. दोन्ही चाकं ओट्यावर ठेवली. त्याने जुनं उचलून बटण दाबून पाहिलं, स्प्रिंग अजून ताठ आहे म्हणाला.
"वकीलसाब, कौनसा लगाऊं?"
आतून बा ओरडला, "हारनवालं! अन् पोरा, आता गावात गेलो त हारन मी दाबतो. तू निसती गाडी चालव."
मी गाडीवरचं गोणपाट ओढून काढलं. बा कोट घालून बाहेर येऊन बसला. मिस्त्री पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा होता.